नव्वद हजार

गुनवोर हेडलुंद. पासपोर्टवर असं.
सावरबोडीत चहा निवायच्या आत ती गुनाबाई झाली;
आमच्या झाडीच्या जिभेला ण जमत नाही,
तिच्या नावात तो नव्हताच.

नागभीडच्या छोट्या गाडीतून उतरली
तेव्हा सोबत एक निळी पेटी, पेटीत टंकयंत्र,
आणि उन्हाने सोललेलं नाक.
सरपंच म्हणाले, मास्तर, इंग्रजी तुमच्याकडे, पाहुणीही तुमच्याकडे.
माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं,
तेही खडूने लिहिण्यापुरतं.

आठ दिवस मी तिच्या आणि गावाच्या मध्ये
तलावाच्या तुडुमासारखा उभा:
किती सोडायचं, किती अडवायचं, माझ्या हातात.

काय काय विचारायची!
जाळ्याच्या गाठीला काय म्हणतात.
मिठाचा भाव. गेल्या साली किती होता.
मेलेल्या माणसाचं जाळं पुढे कोण वापरतं.
तलाव कुणी खोदला, हे तर सगळेच सांगत;
गाळ कुणी उपसला, हे तिनेच पहिल्यांदा विचारलं.
रात्री शाळेच्या व्हरांड्यात टकटक चाले,
कुत्री दोन दिवस भुंकली, मग त्या तालावर झोपू लागली.

स्वतःचं एकदाच बोलली, पाळीवर बसून.
बाप दीपगृहात दिवा राखायचा,
म्हणून लहानपणी तिला वाटे, जग म्हणजे
लांबून येतं, आणि थांबत नाही, ते.
मग गोदीकामगारांच्या पेपरात नोकरी,
मग बोलिव्हियातल्या कथलाच्या खाणी, नायजर नदीवरचे नावाडी,
सव्वीस वर्षं. ती तिने बुटांवर मोजली:
अकरा जोड.

तलावाला तिच्या भाषेत फुंकर म्हणतात.
म्हणजे शब्द आहे, पण तोंडातून निघते फुंकरच,
ओल्या काड्यांवर घालतात तशी.
रेवंता दिघोरे इतकी हसली की डोंगा हलला.

शेवटच्या दिवशी म्हणाली, मी इतकं विचारलं,
आता तुम्ही विचारा.
रेवंता जाळं निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"हिच्या घरी हिची वाट कोन पायते?"

आणि मी, शिकलेला माणूस, लाजलो.
पाहुणीला असं विचारतात का?
इंग्रजीत म्हणालो: ती विचारते, तुमच्या देशात तलाव किती?

गुनाबाईचा चेहरा उजळला.
नव्वद हजार, म्हणाली, आणखीही असतील.
आकडा मी तसाच सांगितला.
आकड्यात मी कधी खोटं बोललो नाही.

रेवंताची बोटं जाळ्यात थांबली.
"नव्वद हजार?
मंग बाई घरी जात काऊन नाई?"

हे मी पलीकडे सोडलं नाही.

अकरा वर्षांनी पुस्तक आलं. जाड,
अक्षरांच्या डोक्यांवर दोन-दोन टिंबं,
कुणी अनुस्वार विसरून पुन्हा दिल्यासारखी.
सोबत भाचीची चिठ्ठी, इंग्रजीत:
मावशी गेली, एका परक्या गावच्या बसस्थानकात.
तुमचा पत्ता तिच्या वहीत होता.
रेवंता त्याच्याही आधी गेलेली.
पुस्तक शाळेच्या कपाटात राहिलं, नकाशांच्या मागे,
आणि मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याबरोबर घरी आलं.

परवा नातीने त्याच्या पानावर फोन धरला.
फोन मराठीत वाचू लागला, अडखळत, माझ्यासारखाच:
"जाळे असलेल्या स्त्रीने मला सरोवरांची संख्या विचारली.
मी उत्तर दिले. तिने माझ्याकडे असे पाहिले
जसे मी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे.
तो प्रश्न कोणता, हे मी अजून शोधते आहे."

नात म्हणाली, आजोबा, फोन काहीही बोलतो हं.
नाही, म्हटलं. हे बरोबर आहे.

संध्याकाळी पाळीवर गेलो. ओठ गोल केले,
तिचा शब्द म्हणून पाहिला. फुंकरच निघाली.
पाणी अर्ध्यावर आलंय, बाकी बेशरमाची झाडं.
यंदाही गाळ कुणी उपसला नाही.
तिने विचारलं असतं, का.